सुखी आहात का, असं गरिबाला विचारलं तर

बंगालच्या भीषण दुष्काळाला वर्ष उलटलं असताना, १९४४ मध्ये, कलकत्त्याच्या ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ’ या संस्थेनं हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूर भागात आरोग्याची पाहणी केली. जोडीदार गमावलेल्या बायका-पुरुषांना विचारलं होतं, तब्येत कशी आहे? विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहे किंवा यथातथाच आहे. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या अडीच टक्के निघाल्या. नुसत्या ‘यथातथा’च्या रकान्यात पुरुष ४५.६ टक्के होते आणि बायका शून्य. उपासतापास, माशाच्या तुकड्यालाही बंदी, घरात सगळ्यांचं झाल्यावर पान, असं त्या काळातल्या बंगाली विधवेचं आयुष्य. तिची तब्येत घरातल्या पुरुषापेक्षा ठणठणीत होती, यावर कोण विश्वास ठेवील?

अमर्त्य सेन यांनी १९८५च्या ‘कमॉडिटीज अँड केपेबिलिटीज’मध्ये ही आकडेवारी पुढे आणली ती एका मोठ्या वादासाठी. माणूस सुखी आहे की नाही हे त्यालाच विचारून ठरवायचं, तर ज्याच्या वाट्याला काहीच आलं नाही तो मागणंही आखडून घेतो. रोज उठून रडत बसणं परवडत नाही म्हणून जेवढं आहे तेवढ्यात जीव रमवतो आणि विचारायला आलेल्याला ‘बरं चाललंय’ म्हणून सांगतो. या ‘बरं चाललंय’च्या भरवशावर धोरण आखलं तर ज्याला सर्वांत जास्त गरज त्याच्याच नावापुढे फुली बसेल.

सेन यांचं म्हणणं मान्य करूनही एक खडा दाताखाली येतोच. विधवांचं उत्तर खोटं होतं असं म्हणताना आपण त्यांचा शब्दच त्यांच्याकडून काढून घेतो. आपल्याकडे या प्रश्नावर दोनच सूर ऐकू येतात. एक कृषी पर्यटनाहून परतलेल्यांचा: बिचारे गरीब आहेत, पण आपल्यापेक्षा सुखी आहेत हो. दुसरा सभांमधला: गरिबीत सुख कसलं, दिसते ती निव्वळ लाचारी. वरवर हे सूर विरुद्ध वाटतात. पण पहिल्याला गरिबाचं दुःख ऐकायचं नसतं आणि दुसऱ्याला त्याचं हसू खरं मानायचं नसतं. मधली जागा अडचणीची आहे, पण जे काही अभ्यास आणि लेखन या विषयावर झालंय त्यातलं कामाचं बहुतेक त्या अडचणीच्या जागेतच सापडतं.

कलकत्त्याचंच आणखी एक उदाहरण. रॉबर्ट बिस्वास-डायनर आणि एड डायनर या लेक-बापांनी २००१ मध्ये तिथल्या ८३ गरिबांच्या मुलाखतींवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात झोपडपट्टीत राहणारे होते, देहविक्रय करणाऱ्या बायका होत्या, फुटपाथवर झोपणारे होते. एक ते तीनची मोजपट्टी, दोन म्हणजे मधोमध. सगळ्यांची सरासरी १.९३ आली, म्हणजे मध्यापेक्षा जराशी खाली. शहाण्यासुरत्यांच्या अंदाजापेक्षा ती बरीच वर होती. घरची माणसं, मित्रमंडळी, स्वतःचं नैतिक वागणं यांबद्दल विचारल्यावर लोक समाधानी निघाले. निबंधाची ही बाजू सगळीकडे उद्धृत होते. मला तिच्याशेजारचा तक्ता जास्त बोलका वाटतो: झोपडपट्टीतल्यांची सरासरी २.२३, देहविक्रय करणाऱ्यांची १.८१ आणि फुटपाथवाल्यांची १.६०. डोक्यावर पत्रा असणं आणि नसणं यांत एवढं अंतर. गरीब म्हणून ज्यांना आपण एकाच टोपलीत टाकतो, त्यांच्यात सुखाच्या हिशेबानं किती पायऱ्या आहेत!

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि अँगस डीटन यांनी खेड्यापाड्यांत केलेली पाहणी आणखी कोड्यात टाकणारी आहे. (तिघांनाही पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, डीटनना २०१५ मध्ये, बाकी दोघांना २०१९ मध्ये.) तिथल्या अतिगरीब घरांपैकी ३७ टक्के घरांतल्या मोठ्या माणसांनी गेल्या वर्षभरात कधी ना कधी अख्खा दिवस उपाशी काढला होता. रक्त कमी असलेली माणसं निम्म्याहून जास्त. आणि आयुष्यानं आपण एकंदरीत दुःखी आहोत असं सांगणारे फक्त नऊ टक्के. ते स्वतःला आजारी म्हणत होते, अशक्त म्हणत होते, कामं होत नाहीत म्हणत होते. दुःखी म्हणत नव्हते. म्हणजे सिंगूरच्या विधवांसारखं सगळंच दडवणं इथे नव्हतं. अंगात त्राण नाही हे कबूल करून ती माणसं जगणं मात्र वाईट म्हणायला तयार नव्हती.

याच घरांच्या खर्चाची वही अभ्यासकांनी पाहिली तेव्हा दिसलं की लग्न, दिवस, जत्रा, सण यांवर वर्षाच्या खर्चातला साधारण दहावा हिस्सा जातो. दारू, तंबाखू आणि सण बंद केले तर हीच माणसं खाण्यावर तीस टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करू शकली असती. करत नव्हती. मोरोक्कोत एका खेडुतानं बॅनर्जींना सांगितलं होतं की टीव्ही जेवणापेक्षा महत्त्वाचा. पोट भरलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं किंवा राग येतो. पण वर्षातले दोनशे दिवस काम नसलेल्या गावात संध्याकाळ कशी काढायची हा जेवणाइतकाच खराखुरा प्रश्न आहे.

आपल्याकडे तर हा वाद दीडशे वर्षं जुना. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर धाड घातली, कर्जाचे कागद जाळले आणि ते लोण नगरपर्यंत पसरलं. तोवर साहेबाचं आणि शहरी शहाण्यांचं ठरलेलं निदान असं की कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं मात्र लिहून ठेवलं की लग्नखर्चाच्या कारणाला फाजील महत्त्व दिलं गेलंय. एका वेळचा खर्च ऐपतीबाहेरचा दिसतो खरा, पण तो प्रसंग क्वचित येतो, आणि वर्षांच्या हिशेबात पाहिलं तर कुणब्यानं त्याच्या जागी केला तो खर्च अवाजवी नाही. गोऱ्या सरकारच्या अहवालात इतकं शहाणपण सापडेल असं वाटत नाही, पण आहे. महात्मा फुले यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच खर्चाकडे दुसऱ्या अंगानं पाहिलं. सण-संस्कारांच्या नावाखाली शेतकऱ्याच्या पदरचं काढून नेणारे कोण, हा त्यांचा सवाल होता. आनंदावर खर्च करू नये असं त्यांनीही म्हटलेलं नाही. त्या आनंदाची दक्षिणा भलत्याच्या खिशात का जावी, हा त्यांचा रोख.

जगभरच्या क्रमवाऱ्यांबद्दल थोडक्यात. रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये मांडलं की एका देशात श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा सुखी असतात, पण देशाचं उत्पन्न वाढलं म्हणून देश त्या प्रमाणात सुखी होत नाही. त्यावर पन्नास वर्षं उलटसुलट चाललंय. दरवर्षी मार्चमध्ये येणाऱ्या जागतिक आनंद अहवालात शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही कुठे आहात असं विचारतात, फिनलंड २०१८ पासून पहिला येतो आणि भारत २०२४ मध्ये १२६वा आणि २०२५ मध्ये ११८वा आला. वर्तमानपत्रात एक दिवस खळबळ उडते आणि विषय संपतो. मध्य प्रदेशानं २०१६ मध्ये चक्क सरकारी आनंद विभाग काढला. भूतान तर राष्ट्रीय आनंदाचा आद्य पुरस्कर्ता, तिथली तरुण मुलं अलीकडे मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला निघून चालली आहेत. आनंद अहवालाच्या त्या शिडीवरची आपली पायरी ठरवताना माणूस आयुष्याचा ताळेबंद मांडतो, आणि दुपारी बांधावर भाकरी सोडून बसल्यावरची त्याची मनःस्थिती त्या ताळेबंदात येत नाही. डॅनियल कानमन आणि डीटन यांनी २०१० मध्ये हाच फरक दाखवला होता. आयुष्याबद्दलचं मत आणि रोजचा मूड हे वेगवेगळे मोजावे लागतात. अमेरिकेतल्या त्यांच्या आकड्यांत कमी पैसा असला की दोन्ही खाली जात होते. आजारपण, एकटेपणा, घटस्फोट यांचा मारही गरिबाला जास्त बसत होता.

आकड्यांना जिथे हात पोचत नाही तिथे आपल्याकडे एक असा ऐवज आहे की जगात क्वचित कुणाकडे असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारांवर खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. पहाटे तीन-चारला उठून, दळणाचा खुंटा धरून, समोर जाऊ नाहीतर शेजारीण बसवून बायका गायच्या. गाण्यात काय असायचं? भाऊ, माहेर, लेकाचं रूप, पंढरीचा विठ्ठल, सीतेचा वनवास, सासूचा जाच, मारकुटा नवरा, बाबासाहेब. कौतुक आणि तक्रार एका दमात. आता बघा, यातली कुठली ओवी सुखाची आणि कुठली दुःखाची? घरात दुसऱ्या कुठल्याच वेळी जिला तोंड उघडता येत नव्हतं ती त्या दोन तासांत मनातलं सगळं बोलायची, आणि ऐकणारी मान डोलावून पुढची कडी धरायची. गिरणी आली, दळण डब्यात भरून जाऊ लागलं. मनगटं सुटली, गाणंही सुटलं. जातं परत आणा असं त्या बायकांतली कुणीही म्हणणार नाही, आणि गाणं गेल्याची हळहळही त्याच बोलून दाखवतात. दोन्ही खरं.

या ओव्यांची थोरली आई जनाबाई. गंगाखेडची, नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत देव तिच्याबरोबर दळतो, गोवऱ्या वेचतो, पाणी वाहतो. भक्तीचा अर्थ आपण खूप लावतो, पण एका मोलकरणीनं कामाला हातभार मागितलाय आणि तो देवाकडून वसूल करून घेतलाय, हे साधं वाचन मला अधिक भावतं. चोखामेळ्याची गोष्ट याहून कडू. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावर राबताना १३३८ मध्ये भिंत कोसळून तो मेला. आयुष्यभर ज्याच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही त्याच्याच नावानं त्यानं गोड अभंग रचले, गाऱ्हाणीही गायली. मुलगा कर्ममेळा बापापेक्षा रोखठोक, त्यानं देवाला सरळ जाब विचारला. घरात एक पिढी समाधान शोधते आणि पुढची हिशेब मागते, हे चौदाव्या शतकापासून चालू आहे. तुकोबांचंही तसंच. त्यांच्या नावावर ‘आहे त्यात समाधान माना’ एवढंच खपवलं जातं. १६३०-३१च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, दिवाळं निघालं, आणि परंपरा सांगते की लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांपैकी आपल्या वाट्याचे त्यांनी इंद्रायणीत बुडवले. म्हणजे त्यांच्या समाधानाची पहिली कृती दुसऱ्यांचं देणं माफ करण्याची होती. समाधानाचे धडे देणारे सावकार या भागाची आठवण काढत नाहीत.

वारीबद्दल तर बोलावंच लागेल, कारण गरिबीतल्या आनंदाचा आपला सगळ्यात मोठा पुरावा तोच. पेरण्या उरकायच्या, पिशवीत दोन कपडे, आणि आळंदीहून अडीच-तीन आठवडे चालत पंढरपूर. वाटेत उघड्यावर झोपणं, पाऊस, चिखल, सुजलेले पाय. घरी तेच हाल असतात, वारीत त्यांना टाळमृदंग मिळतो आणि पाया पडणारं माणूस मिळतं. ‘माउली’ म्हणून कुणीही कुणाच्या पाया पडतो, ज्याच्या पाया एरवी कुणी पडत नाही त्याच्याही. इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या होत्या. ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी हा आनंद मनापासून लिहिला, आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे चालतात, वेगळे जेवतात ही बोचही त्याच लेखात लिहिली. पंढरीचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. वारकऱ्यांचा आनंद खोटा होता का? मुळीच नाही. फक्त तो सगळ्यांना सारखा वाटला जात नव्हता.

इथे मला या आढाव्यातला सगळ्यात कळीचा मुद्दा दिसतो. मराठीत गरिबीतल्या गोडव्याचं लेखन पाहा. ‘श्यामची आई’ (१९३५) आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत, ज्यांत नवरा हाती आलेला पैसा वाटून मोकळा होतो आणि बायको त्या फजितीचं असं वर्णन करते की वाचणारा पोट धरून हसतो. पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’ आहे. सगळी पुस्तकं माझ्या आवडीची. या घरांत दारिद्र्य होतं, कधीकधी भयंकर होतं. पण घरच्या बाईला रस्त्यात कुणी हटकत नव्हतं. पोराला शाळेत बाहेर बसवत नव्हते. उपाशी ब्राह्मणाला कुणी शिळं फेकून देत नव्हतं, दिलं तर हात जोडून देत. आता दुसरं कपाट उघडा: दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०), बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७). त्यांत आनंद नाही असं नाही. महारवाड्यातला आषाढ बेबीताईंनी असा रंगवलाय की सारवलेली घरं, तेल-पाणी, गोडधोड, अंगात येणं हे सगळं डोळ्यांसमोर नाचतं. वर्षातून एक महिना माणसासारखं न्हायला मिळाल्याचा तो उत्सव. वाचताना उरलेल्या अकरा महिन्यांचा अंदाज आपोआप येतो. पहिल्या कपाटातल्या गरिबीत इज्जत शाबूत होती, दुसऱ्यातल्या गरिबीत तीच रोज काढून घेतली जात होती. कमी पैशात हसता येतं. अपमानात हसणं फार अवघड, आणि जे हसले त्यांच्या हसण्याचं श्रेय गरिबीला देणं हा आणखी एक अपमान.

बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार स्वच्छपणे सांगून ठेवलंय. बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावरच्या १९५०च्या लेखात धर्माच्या कसोट्या मांडताना त्यांनी घातलेली एक अट अशी की धर्मानं दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, त्याचा गौरव करू नये. ज्याच्याकडे आहे त्यानं सोडलं तर गोष्ट वेगळी. गांधी-विनोबांचं अपरिग्रहाचं जगणं किंवा आज पुण्या-मुंबईत मोजक्या वस्तूंत राहायची जी चाल निघाली आहे ती, यांच्याबद्दल आदर असायला हरकत नाही. पण सोडणाऱ्याला परत फिरायची वाट असते. दोन साड्यांत राहणं आणि दोनच साड्या असणं यांची तुलना करणारा लेख दिसला की मी पान उलटतो.

चाळीचं काय? मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्यात दोन-दोन कुटुंबं, गावाकडचे पाहुणे, गिरणीची पाळी करून आलेल्यांच्या आळीपाळीच्या झोपा. गणपती, कबड्डी, भजनी मंडळ, नमन-दशावतार, गॅलरीतल्या गप्पा, कुणाच्याही घरात जेवणारी पोरं हे सारं त्या खोलीबाहेर फुललं कारण खोलीत जागाच नव्हती. १९८२च्या संपात अडीच लाख गिरणी कामगारांचे पगार थांबले तेव्हा याच गॅलऱ्यांनी उसनं पीठ, उसनं तेल पुरवून कित्येक घरं महिनोन्‌महिने तगवली, आणि शेवटी तीही दमली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचा संडास असलेल्या त्या घरात शिरताना चाळीची आठवण काढून डोळे पुसणाऱ्यांत बायका कमी असाव्यात, असा माझा तर्क आहे. रात्री-अपरात्री रांगेत उभं राहण्यात कसलं आलंय सामूहिक जीवन! पण नव्या इमारतीत दार लोटलं की शेजार संपतो आणि मेन्टेनन्सच्या बिलाची धास्ती सुरू होते, हेही पुढच्या दहा वर्षांत मोजायला हवं.

आता ज्या गोष्टी हे सुख कुरतडतात त्यांच्याकडे. सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीआधी हात रिकामे आणि दागिने गहाण असताना, एकदा तोडणीनंतर पैसे आल्यावर. तोच माणूस, आधी चुकत होता, नंतर बरा सोडवत होता. २०१३च्या या निबंधावर पुढे वादही झाले, तरी त्यातली गोष्ट कुणाही कर्जदाराला अनोळखी नाही. डोकं एका आकड्यात अडकलं की मुलाशी खेळतानाही अडकलेलंच राहतं.

तमिळनाडूचे ते शेतकरी निदान जमिनीचे मालक होते. आपल्याकडे बीड-नगरहून दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही, एक दिवस घरी बसलं तर खाडा. बाई पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहते, रात्री कोपीत परत चूल. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा गर्भाशय काढून टाकलेल्या तेरा हजारांहून जास्त बायका निघाल्या. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड, हा त्यातला हिशेब. या फडातही गाणी आहेत, मोबाइलवर सिनेमे आहेत, वाढं विकून आलेल्या पैशातून रविवारचं मटण आहे, आणि कारखान्याचा पट्टा पडला की शेवटच्या खेपेला गाड्या सजवून गुलाल उधळणं आहे. तो गुलाल पाहून यांना कसली चिंता नाही असं म्हणणारा माणूस उचलीचा कागद पाहत नाही.

उलट दिशेचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९७२च्या दुष्काळात लाखो बायका-पुरुषांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच योजनेसाठी सुरू झाला होता, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. मजुरी तुटपुंजी होती, हजेरीपटांत घोळ होते, पैसे उशिरा मिळायचे. तरी उद्या कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही ही खात्री तिनं दिली. श्रीमंतांना विम्यातून मिळते ती शांत झोप गरिबाला कायद्यातून मिळू शकते, याचं हे देशातलं पहिलं मोठं उदाहरण.

पैसे नुसते हातात दिले तर? केनियाच्या पश्चिम भागात योहानेस हाउशोफर आणि जेरेमी शपिरो यांनी गरीब घरांना मोबाइलवरून बिनअट रक्कम दिली गेली त्याचा अभ्यास केला. लोक जास्त खाऊ लागले, जनावरं घेतली, पत्र्याची छपरं घातली आणि मनानंही बरे झाले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. एक तिरकी गोष्टही निघाली: ज्यांना पैसे मिळाले नाहीत अशा शेजाऱ्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान सुरुवातीला घटलं. सुख तुलनेतून ठरतं म्हणणाऱ्या ईस्टरलिन यांना हे वाचून बरं वाटलं असेल. यातून मदत देऊ नये असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. मी काढतो तो असा की एका गल्लीत द्यायचं तर सगळ्यांना द्यावं.

जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये येऊ लागले. लाडकी बहीण योजनेच्या हेतूबद्दल, निवडणुकीच्या मुहूर्ताबद्दल, तिजोरीवरच्या बोजाबद्दल आणि घुसलेल्या अपात्र नावांबद्दल जे विचारलं जातंय ते विचारायलाच हवं. त्याच्या जोडीनं एक भलतीच चौकशी सुरू झाली. साडीच घेतली म्हणे. पार्लरला गेल्या म्हणे. जत्रेत पाळण्यात बसल्या. सुप्याच्या दंग्यांनंतरच्या आयोगानं कुणब्याच्या लग्नखर्चाला जी मोकळीक दिली होती, ती द्यायला आजचे पेन्शनर तयार नाहीत. या बायकांची पाहणी कधीतरी होईल. तेव्हा उधारी किती फिटली, औषधपाण्याला किती गेले, वह्या-दप्तरांना किती, हे रकाने प्रश्नावलीत येतीलच. मी त्यात आणखी एक प्रश्न घालीन: गेल्या सहा महिन्यांत घरात कुणालाही न विचारता, फक्त स्वतःला हवी म्हणून एखादी वस्तू घेतलीत का, आणि घेतली असेल तर ती कुणाला दाखवली?